बंद काचेतली आग आणि घरातली हवा

नोव्हेंबर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात, पावसाळाभर ओल आणि बुरशी असते आणि आता शेगडी, गिझर, धूर, खोकला. या महिन्यात चार पत्रं अशी आली की ही चार माणसं एकमेकांना ओळखत नाहीत पण विचारतायत एकच, घरात काहीतरी जळतंय आणि त्याची हवा आमच्या छातीत जातीये का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीये कारण त्यात तान्हं बाळ आहे.

प्रश्न: नमस्कार ताई. मी कोथरूडला राहते, वय ६१. मुलगी-जावई अमेरिकेत व्हरमाँटला असतात, जानेवारीत मुलीचं बाळंतपण आहे आणि मी पाच महिने जातेय. त्यांच्या हॉलमध्ये पेलेट स्टोव्ह आहे, लाकडाच्या भुशाच्या बारीक गोळ्या जाळणारा, पुढे काच असते आणि आत आग दिसते. जावई म्हणतात एकदम क्लीन असतो आई, काळजी करू नका. पण मागच्या थंडीत गेले होते तेव्हा तो पेटताना धुराचा वास यायचा, टेबलावर बारीक राख बसायची आणि माझा घसा सारखा कोरडा पडायचा. तान्ह्या बाळाला हे चालेल का? आणि अजून एक, मी बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी देणार आहे, तिथे कोळसा मिळतो म्हणे. देऊ ना?

उत्तर: ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. कोळशाची शेगडी घरात पेटवू नका. तिथे तर नाहीच नाही, आणि इथे फ्लॅटमध्येसुद्धा नाही. मला माहितीये की तुमच्या आईनं तुम्हाला दिली असेल, माझ्याही आईनं दिली, आणि त्यामागची माया मला कळते. पण आपल्या आयांच्या बाळंतपणाच्या खोल्या आठवा, वर कौलं, भिंत आणि छपराच्या मधे हातभर फट, दार दिवसभर उघडंच. व्हरमाँटचं घर उणे वीस डिग्रीसाठी बांधलेलं असतं, दुहेरी काचा, प्रत्येक फट भरलेली, उबदार हवा बाहेर जाऊच नये हाच सगळा खटाटोप. त्यात जळत्या कोळशाचा गॅस पण बाहेर जात नाही. आणि कोळसा फसवा असतो, धूर संपून निखारा लालभडक झाला की आपल्याला वाटतं आता छान पेटला, पण कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच भरपूर निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडासा असला तरी पुरतो. लक्षणं काय, तर डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी. आता सांगा, दहा दिवसांच्या बाळंतिणीला ग्लानी आली तर घरातलं कोण म्हणेल की हा गॅस आहे, सगळे म्हणतील झोपू दे बिचारीला. मला भीती याचीच वाटते.

शेक द्यायचाच आहे तर गरम पाण्याची पिशवी घ्या, नाहीतर तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडी बांधा आणि मुलीच्या कंबरेला-पाठीला शेका, बाळाच्या जवळपास नेताना आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. धुरी मात्र राहू द्या. ती ओव्याची असो नाहीतर वावडिंगाची, बाळाच्या फुप्फुसाच्या लेखी तो धूरच, आणि आपण मोठी माणसं मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो तिथे नवजात बाळ चाळीस ते साठ घेतं. शिवाय तिथे छताला स्मोक अलार्म असतात, धुरीचं भांडं खोलीत आणताक्षणी सगळं घर दणाणून उठेल.

आता पेलेट स्टोव्ह. जावई म्हणतात ते बऱ्याच अंशी खरंय, पण त्या वाक्याला काही अटी आहेत आणि त्या पाळल्या तरच ते खरं राहतं.

या गोळ्या म्हणजे आपल्या जनावरांच्या गोळीपेंडीसारख्याच दिसतात, साधारण ६ मिलिमीटर जाड, लाकडाचा भुसा प्रचंड दाबानं दाबून केलेल्या, लाकडातलाच लिग्निन नावाचा डिंकासारखा घटक गरम होऊन त्यांना चिकटवून ठेवतो. चांगल्या प्रतीच्या गोळीत ओलावा दहा टक्क्यांच्या आत आणि राख एखाद टक्का किंवा त्याहून कमी. महिनोन् महिने वाळवलेल्या सरपणातही ओलावा पंधरा-वीस टक्के असतो, आणि धूर मुख्यतः येतो तो ओलाव्यामुळे आणि हवा कमी पडल्यामुळे. स्टोव्हच्या मागच्या पेटीत गोळ्या भरतात, एक स्क्रू फिरत राहतो आणि थोड्या थोड्या गोळ्या आगीच्या छोट्या वाटीत टाकतो, आणि पंखा त्या वाटीतून जोरात हवा ओढतो. म्हणजे चुलीत जसं आपण एकदम लाकूड सारतो आणि मग फुंकणीनं फुंकत बसतो तसं नाही, इंधन आणि हवा दोन्ही मोजून. त्यामुळे जळणं जवळजवळ पूर्ण होतं, आणि जो काही धूर होतो तो पंखा पाईपमधून थेट घराबाहेर ढकलतो. अमेरिकेत २०२० पासून विकायच्या नव्या स्टोव्हना ताशी २ ग्रॅमपेक्षा जास्त धूरकण सोडायची परवानगी नाही. पण हा आकडा पाईपच्या तोंडाशी मोजलेला, खोलीत मोजलेला नव्हे, आणि तुमचा प्रश्न खोलीचा आहे.

खोलीत हवा खराब होते ती काही ठरावीक वेळी. तुम्हाला पेटताना वास आला, तो वास सांगण्यासारखा आहे. पेटताना पहिली पाच-दहा मिनिटं आग थंड असते, धूर जास्त होतो, आणि कुठे फट असेल तर तिथून तो खोलीत येतो. मग वास आला याचा अर्थ फट आहे. ती दोन ठिकाणी असू शकते. एक म्हणजे दाराची दोरी, काचेच्या दाराला कडेनं जाड दोरीसारखं गॅस्केट असतं, आपल्या कुकरच्या रिंगचं जे काम तेच त्याचं, आणि रिंग कडक झाली की कुकरची वाफ जशी बाजूनं फुसफुसते तसंच इथे. तपासायला सोपं आहे, स्टोव्ह पूर्ण थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा, सहज सुटून आली तर त्या जागी दोरी गेलीये, सगळ्या कडेनं असंच करत जा. दुसरी जागा जास्त महत्त्वाची आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं, ती म्हणजे मागचा पाईप. साध्या लाकडाच्या शेगडीच्या धुराड्यात गरम हवा आपोआप वर चढते, तिथे भोक पडलं तर खोलीतली हवा आत ओढली जाते. पेलेट स्टोव्हमध्ये पंखा धूर ढकलतो, म्हणजे पाईपच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, आणि सांध्याला केसाएवढी फट असली तरी धूर खोलीकडे येतो. म्हणून ते सांधे उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉननं बंद केलेले हवेत. जावयांना सांगा की बाळ यायच्या आत सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि त्याला स्पष्ट सांगा, दाराची दोरी, पाईपचे सांधे, पंखा आणि पाईपमधली राख हे सगळं बघायचं. ही सर्व्हिस दर वर्षी लागतेच, चुकवायची नाही.

टेबलावरची राख कुठून आली तेही सांगते, बहुतेक साफसफाईतून. राख काढताना दार उघडलं की बारीक कण उडतात, आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढली तर त्याच्या पिशवीतून सगळ्यात बारीक कण परत खोलीतच येतात. आणि आत एखादा जिवंत निखारा असला तर क्लीनरच पेटायचा. राखेचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो, तो वापरा, आणि राख झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून घराबाहेर ठेवा. गोळ्यांची पोती ओततानाही भुसा उडतो, पोत्याच्या तळाशी जास्त. साफसफाई आणि पेटी भरणं ही दोन्ही कामं बाळ दुसऱ्या खोलीत असताना आणि दार लावून करायची, एवढा नियम घरात लावून घ्या.

हे जे बारीक कण म्हणते त्यातले वाईट ते पीएम २.५, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान, ते नाकात-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ठरवलेली चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०. धुराड्याशिवायच्या चुलीच्या स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत जातो, हे मी स्वतः मीटर घेऊन खेड्यांत पाहिलंय. चांगल्या बसवलेल्या पेलेट स्टोव्हची त्याच्याशी तुलनाच नाही. तिथे लेझरचं छोटं मीटर मिळतं, ते बाळाच्या खोलीत ठेवा आणि स्टोव्ह पेटताना, दार उघडताना आकडा किती उडतो ते दोन-तीन दिवस बघा. कांदा परतताना पण तो आकडा उडेल, घाबरू नका, फक्त सवय करून घ्या की उडाल्यावर किती वेळात खाली येतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते विचारा, स्मोक अलार्म वेगळा आणि हा वेगळा, स्मोक अलार्मला हा गॅस कळत नाही. तिथल्या अनेक राज्यांत कायद्यानंच लावावा लागतो. एक स्टोव्ह असलेल्या मजल्यावर आणि एक बाळ झोपतं तिथे. पण अलार्म आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तो ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग गॅस असला तर, एक ते चार तासांनी वाजतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे थोड्या गॅसला तो गप्पच राहतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर अलार्मची वाट बघू नका, बाळाला घेऊन बाहेर या, मग फोन करा. अलार्म सात ते दहा वर्षांत निकामी होतो, मागे तारीख असते, बघून घ्या.

वीज गेली तर पंखा बंद पडतो आणि वाटीतल्या गोळ्या मात्र धुमसत राहतात. बर्फाच्या वादळात तिकडे वीज जाते. पाईप नुसता आडवा भिंतीतून बाहेर काढलेला असेल तर तो धूर खोलीत येऊ शकतो, उभा चढ दिलेला असेल तर आपोआप वर निघून जातो. बॅटरी बॅकअप आहे का विचारा. आणि स्वयंपाकघराचा मोठा एक्झॉस्ट चालू असताना स्टोव्ह पेटवू नका, एवढ्या बंद घरात तो एक्झॉस्ट हवा कुठून तरी ओढणारच, आणि स्टोव्हच्या जळणाला बाहेरून हवेचा वेगळा पाईप नसला तर ओढाताण स्टोव्हशीच होते. असा वेगळा पाईप बसवता येतो, माझं मत विचाराल तर बाळाच्या घरात तो हवाच.

पोती कुठे ठेवतात? ताज्या गोळ्या, विशेषतः पाइनच्या, नुसत्या ठेवलेल्या असतानाही थोडा कार्बन मोनॉक्साइड सोडतात, लाकडातली तेलं हवेशी संयोग पावतात त्यातून तो होतो, आणि रंगासारखा एक वासही येतो. युरोपात टनावारी गोळ्या साठवायच्या बंद खोल्यांत शिरून माणसं गेली आहेत. घरातल्या दहा-वीस पोत्यांची तशी भीती नाही, पण ती बाळाच्या खोलीला लागून असलेल्या कपाटात नकोत, गॅरेजमध्ये ठेवा.

घसा कोरडा पडतो तो धुरानंच असं नाही. बाहेरच्या अतिथंड हवेत पाणी जवळजवळ नसतंच, तीच हवा आत येऊन तापली की फार कोरडी होते. ह्युमिडिफायर लावा, ओलावा ३० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा, त्याहून जास्त केलात तर खिडकीच्या काचांवर पाणी आणि मग बुरशी. आणि ज्वाळा कशी दिसते ते रोज बघत जा, पिवळी-पांढरी, नाचरी ज्वाळा हवी. सुस्त, नारिंगी, काळ्या टोकाची झाली आणि काच भराभर काळी पडायला लागली तर हवा कमी पडतीये, स्टोव्ह बंद करून साफ करायला सांगा. तुम्ही जन्मभर गॅसची निळी-पिवळी ज्वाळा ओळखत आलात, ही पण चार दिवसांत ओळखाल.

प्रश्न: आम्ही बाणेरला राहतो, मुळशी धरणाच्या बाजूला छोटं फार्महाऊस आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाका असतो. एक विक्रेता पेलेट स्टोव्ह देतोय, म्हणतो पाईप खिडकीतून काढला की झालं. घ्यावा का?

उत्तर: माझं प्रामाणिक मत, नको. मुळशीत कडक थंडी किती रात्री असते, महिना-दीड महिना, तेही शनिवार-रविवार तुम्ही तिथे. वर पहिल्या उत्तरात लिहिलं तसं हे यंत्र नीट बसवणं, दर वर्षी उघडून साफ करणं, कोरड्या गोळ्या मिळवणं यावर जगतं. दहा महिने बंद पडलेल्या पाईपमध्ये कुंभारमाशी घर करते, पक्षी काड्या भरतात, गंज चढतो, आणि मग एका शनिवारी रात्री तुम्ही तो तसाच पेटवाल. तुमच्या भागात वीजही जाते, पेटताना याला तीन-चारशे वॅट लागतात, तेवढा इन्व्हर्टर ओढेल, पण तो चार्ज आहे का हे पोचल्यावरच कळणार.

विक्रेत्याचं ते वाक्य तर अजिबात ऐकू नका. खिडकीतून काढलेल्या पाईपचा धूर त्याच खिडकीच्या फटीतून परत येतो, उघडणाऱ्या खिडकी-दारापासून बाजूनं चार फूट तरी लांब त्याचं तोंड हवं. आणि हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार, अशी उलटी रचना होते, तो धूर वर चढतच नाही, तुमच्या आणि शेजारच्या वाडीवर खोऱ्यात बसून राहतो. पुण्यात हिवाळ्यात हवेचे आकडे वाढतात त्यामागेही हे एक मोठं कारण आहे, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या, हवेचं प्रदूषण मोजणाऱ्या सफर या यंत्रणेचे रोजचे आकडे बघितले तरी हे दिसेल.

फटी भरा, जाड पडदे लावा, हीट मोडचा एसी मिळतो तो बघा, आणि आजीच्या गोधड्या तिथे नेऊन ठेवा. अंगणात शेकोटी करून बसायचं सुख आहेच, ते घ्या की, फक्त उरलेले निखारे घमेल्यात घालून झोपायच्या खोलीत आणू नका.

प्रश्न: मी नऱ्ह्याला मुलांची मेस चालवते, रोज दीडशे ताटं. कमर्शियल सिलेंडर परवडेना म्हणून सहा महिन्यांपूर्वी पेलेटची पंख्याची भट्टी घेतली. पैसे वाचतायत पण स्वयंपाकघरात संध्याकाळी डोळे चुरचुरतात, माझ्याकडच्या दोन्ही मावशींना खोकला लागलाय. भट्टी वाईट आहे का?

उत्तर: मावशींचा खोकला तुम्ही पत्रात लिहिलात याबद्दल आधी तुमचे आभार, पुष्कळ ठिकाणी मालकांना तो ऐकूच येत नाही.

भट्टी वाईट नाही, पण ती बहुतेक धुराड्याशिवाय चालू आहे. तुमची भट्टी आणि वरच्या ताईंच्या लेकीचा स्टोव्ह यात इंधन एक, बाकी फरक मोठा. तिथे आग काचेआड बंद आणि धूर पाईपनं बाहेर, तुमच्याकडे आग उघडी, वर पातेलं, आणि जे काही निघेल ते खोलीत. अशा पंख्याच्या चुलीचं आपल्या पुण्याशी जुनं नातं आहे. २००६ च्या सुमारास बीपी कंपनीनं बंगळूरच्या आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेबरोबर ऊर्जा नावाची गोळ्यांची पंखेवाली चूल आणली, पुढे तो धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं चालवला. चूल चांगली होती, पण गोळ्या महागल्या तसं घरगुती गिऱ्हाईक सुटत गेलं आणि मग मोर्चा हॉटेलं-कँटीनच्या भट्ट्यांकडे वळला. त्याच्याही आधी पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं शेतात जाळून टाकायच्या उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला, त्यासाठी २००२ साली त्यांना स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे काडीकचऱ्याचं इंधन हा आपल्याकडे कुणाचा नवा शोध नाही, त्यात कष्ट घातलेली माणसं इथलीच आहेत, आणि म्हणूनच ते नीट वापरलं जावं असं मला मनापासून वाटतं.

या भट्टीत खालून हवा येते तिनं गोळ्यांतून गॅस निघतो, आणि वरच्या भोकांतून येणारी हवा तो गॅस जाळते. पंखा कमी केला, किंवा वरची भोकं राखेनं बुजली, की गॅस न जळताच वर येतो, तोच धूर. तुम्हाला त्रास संध्याकाळी होतो म्हणता, मला वाटतं दिवसभराची राख तशीच असते आणि त्यावरच संध्याकाळचा स्वयंपाक चढतो. दुपारी भट्टी गार झाली की रिकामी करून भोकं तारेनं मोकळी करा. गोळ्या कशाच्या आहेत ते विचारा, लाकडाच्या भुशाच्या असतील तर राख अगदी कमी, पण शेतातल्या काडीच्या असतील तर कित्येक टक्के, आणि भाताच्या तुसात तर जवळजवळ पाचवा हिस्सा राखच. अशी राख वितळून तिचे खडे होतात आणि वाटीतली हवा अडवतात. पोती जमिनीवर भिंतीला टेकून असतील तर फळीवर घ्या, पावसाळ्यातली दमट गोळी फुगते, भुगा होते आणि नुसती धुमसते. हातात घेऊन मोडून बघा, टचकन मोडली पाहिजे.

पण खरा धोका तुम्ही लिहिला नाहीये, तो मी लिहिते. स्वयंपाक उरकला, ज्वाळा गेली, खाली लाल निखारे राहिले आणि पंखा बंद, त्या वेळी धूर दिसत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं संपलं. कार्बन मोनॉक्साइड त्या तासाभरात सगळ्यात जास्त निघतो, आणि नेमकं तेव्हाच मावशी तिथे बसून भांडी घासत असणार. शेवटच्या भाकरीनंतर निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात काढून उघड्यावर ठेवा.

आणि भट्टीवर पत्र्याचं हूड, त्याला पाईप आणि एक्झॉस्ट, गच्चीच्या वर तोंड. खर्च येईल. तुम्ही इंधनात जे वाचवताय त्यातलेच पहिले काही महिन्यांचे पैसे यात घाला, ते त्या दोघींच्या छातीतून वाचवलेत असं होऊ देऊ नका. एक्झॉस्ट हवा बाहेर ओढतो तेवढी आत यायला समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर नुसता आवाज. मावशींना डॉक्टरांकडे न्या, आणि डॉक्टरांना कामाची जागा सांगायला लावा, नुसतं खोकला सांगितला की सर्दीचं औषध मिळतं.

प्रश्न: आम्ही चौघी मुली कर्वेनगरला भाड्यानं राहतो. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, थंडी वाजते म्हणून झरोक्याला पेपर चिकटवलाय. आंघोळीनंतर डोकं जड होतं, परवा एका मैत्रिणीला बाथरूममध्ये चक्कर आली, ती दारातच बसली. ऑक्सिमीटर लावला तर ९८ दाखवत होता, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो नाही. काही टेन्शन आहे का?

उत्तर: मुलींनो, हे पत्र अंक छापायच्या आधी मी तुम्हाला फोन करून उत्तर दिलंय, पण तुमच्यासारखीच अजून किती घरं असतील म्हणून इथेही लिहिते. हो, आहे. तो गिझर बंद करा, नॉब नाही, सिलेंडरच बंद करा.

ऑक्सिमीटरच्या ९८ वर विश्वास ठेवू नका. ते यंत्र रक्ताच्या रंगावरून आकडा काढतं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच असतं, त्याला दोन्हीतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या काठावर असला तरी आकडा छान दिसू शकतो. यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते, कार्बोक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे हा गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिन किती आहे त्याची, आणि ती लवकर करावी लागते कारण मोकळ्या हवेत काही तासांत ते प्रमाण उतरतं. डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच म्हणा, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे आणि आंघोळ करताना चक्कर आली. नुसतं चक्कर आली म्हणालात तर उपाशी होतीस का, पाळी आहे का, इथेच गाडी थांबते.

पाच बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये गिझर जळतो तेव्हा तो त्याच खोलीतली हवा वापरतो आणि जळून गेलेली हवाही तिथेच सोडतो. ऑक्सिजन कमी होत गेला की ज्वाळा अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो, वर पाण्याची वाफ, दार आतून लावलेलं. पहिली आंघोळ करणारीला काही होत नाही, तिसरी-चौथी अडकते, कारण तोवर खोलीत सगळं साठलेलं असतं. चक्कर तुमच्यातल्या शेवटच्या आंघोळ करणारीलाच आली होती ना, फोनवर मी हे विचारलं तेव्हा तुम्ही गप्प झालात.

माझ्या मावसबहिणीच्या घरी हेच झालं होतं, तिच्या मुलाला दार फोडून बाहेर काढलं, अँब्युलन्स वेळेत आली म्हणून वाचला. त्या दिवसापासून मला गॅस गिझर हा शब्द ऐकला की आधी झरोका आठवतो. त्या मुलानंही थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावला होता.

मालकांना सांगा, गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप, नाहीतर सरळ विजेचा गिझर. ते म्हणतील आत्तापर्यंतच्या भाडेकरूंना काही झालं नाही. तुम्ही त्यांना या मासिकाचं हे पान दाखवा, आणि तरी ऐकलं नाही तर तुमच्यापैकी दोघींच्या आई-वडिलांना त्यांच्याशी बोलायला सांगा, यात भीड धरू नका. तोवर स्वयंपाकाच्या गॅसवर पातेल्यात पाणी तापवा, खिडकी उघडी ठेवून, आणि बादलीत घेऊन जा. झरोक्याचा पेपर आजच काढा. कुणाला पुन्हा चक्कर आली, उलटी झाली, बोलताना जीभ अडखळली तर आधी तिला मोकळ्या हवेत ओढा, आत जाणारीनं श्वास रोखून दार उघडं ठेवूनच आत जायचं, आणि १०८ ला फोन. डोकं दुखलेल्या चौघींचीही तपासणी करून घ्या, फक्त चक्कर आलेलीची नाही. रिपोर्ट आले की मला कळवा, मी वाट बघतीये.